संगणक झोपला, मीटर झोपला का?

संगणक बंद असताना, ‘स्लीप’मध्ये असताना किंवा नुसताच चालू पडलेला असताना किती वीज खातो, यावर बरीच पत्रं साठली होती. त्यांतली निवडक इथे एकत्र घेतली आहेत. हिशेबापुरतं एवढं ध्यानात ठेवा: १ वॅटचं उपकरण वर्षभर अहोरात्र चालू राहिलं तर ८.७६ युनिट होतात. आकडेमोड सोपी जावी म्हणून युनिटचा दर आम्ही सगळीकडे १० रुपये धरला आहे. म्हणजे १ वॅटचे वर्षाला साधारण ८८ रुपये. आपल्या बिलावरचा दर वेगळा असेल तर त्याने गुणून घ्या.

प्रश्न: घरी डेस्कटॉप आहे. मुलगा तो ‘स्लीप’ करून उठतो, सासरे म्हणतात की भिंतीवरचं बटणच बंद करा. स्लीप, हायबरनेट, शटडाउन आणि बटण बंद यांत विजेचा फरक किती? (सातारा)

आधी आकडे. ज्या डब्याला आपण सगळे ‘सीपीयू’ म्हणतो, तो साध्या घरगुती संगणकाचा डबा शटडाउन केल्यावरही अर्धा ते दोन वॅट घेत राहतो. हायबरनेटमध्येही जवळपास तेवढेच. स्लीपमध्ये एक ते चार वॅट. कुणी वापरत नाही पण चालू आहे, अशा स्थितीत ३० ते ६० वॅट. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर आणखी जास्त. मॉनिटर यात धरलेला नाही. २२-२४ इंची एलईडी मॉनिटर चालू असताना १५ ते ३० वॅट घेतो आणि सिग्नल थांबला की बहुधा अर्ध्या वॅटच्या खाली येतो. भिंतीवरचं बटण बंद केलं तर मात्र सगळं शून्य.

स्लीपमध्ये प्रोसेसर, पंखे, डिस्क, ग्राफिक्स सगळं बंद होतं, फक्त रॅमला वीज मिळत राहते. रॅममधली प्रत्येक नोंद एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेली असते आणि हा कपॅसिटर गळक्या घागरीसारखा असतो. दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो, नाहीतर उघडी ठेवलेली कागदपत्रं गेली. हे भरण्याचं काम रॅम स्वतःच करत राहते आणि त्याला फार थोडी वीज पुरते. हायबरनेटमध्ये रॅममधला सगळा ऐवज डिस्कवर लिहून ठेवतात आणि रॅमची वीजही तोडतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये या अवस्था ठरवून दिल्या. स्लीप म्हणजे एस-३, हायबरनेट म्हणजे एस-४ आणि शटडाउन म्हणजे एस-५. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत ही नावं दिसली की बिचकू नका.

शटडाउननंतरही वीज का लागते? जुन्या संगणकांचं पुढचं बटण खरोखर २३० व्होल्टची लाइन तोडायचं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स पद्धत आणली, तेव्हापासून ते बटण मदरबोर्डला फक्त इशारा देतं. इशारा ऐकायला कुणीतरी जागं हवं, म्हणून एसएमपीएसमधला (डब्यातल्या वीजपुरवठ्याच्या पेटीतला) एक छोटा भाग पाच व्होल्टचा पुरवठा चोवीस तास चालू ठेवतो. एसएमपीएसच्या वायरींच्या जुडग्यातली जांभळी वायर ती हीच. बऱ्याच मदरबोर्डांवर संगणक बंद असतानाही हिरवा दिवा दिसतो, तो याच विजेवर जळतो.

आता तुमच्या घरातला वाद. दिवसातले १८ तास संगणक ३ वॅटच्या स्लीपमध्ये राहिला तर महिन्याला १.६ युनिट, म्हणजे १६ रुपये. सासऱ्यांचं ऐकलं तर हे १६ रुपये वाचतील. पण दुपारी जेवायला उठताना यंत्र तसंच राहिलं आणि मॉनिटरसकट ७० वॅटवर रोज सहा तास चालत राहिलं, तर महिन्याला १२.६ युनिट, म्हणजे १२६ रुपये गेले. आधी हे थांबवा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर इथे जाऊन स्क्रीन ५ मिनिटांत बंद आणि यंत्र १५ मिनिटांत स्लीप, असं लावून टाका. मग मुलाने स्लीप केलं काय किंवा विसरला काय, फरक पडत नाही.

प्रश्न: संगणक सुरू होताना एवढी वीज खातो की त्यापेक्षा तो चालूच ठेवलेला परवडतो, असं क्लासमध्ये सांगितलं. खरं का? (लातूर)

नाही. सुरू होताना साधा डेस्कटॉप फार तर १०० वॅटपर्यंत जातो आणि तेही जेमतेम एक मिनिट. म्हणजे १.७ वॅट-तास. ५० वॅटवर नुसता चालू असलेला संगणक तेवढी वीज दोन मिनिटांत खाऊन मोकळा होतो. स्लीप आणि शटडाउन यांत तुलना असेल तर तासा-दोन तासांच्या सुट्टीसाठी स्लीप बरं, त्याहून जास्त वेळ असेल तर शटडाउन किंवा हायबरनेट. हार्ड डिस्क सारखी बंद-चालू करून झिजेल, ही भीतीही बाळगू नका. डेस्कटॉपच्या डिस्क साधारणपणे ५०,००० वेळा सुरू-बंद होण्याच्या हिशेबाने बनवतात. रोज दहा वेळा केलं तरी तेरा वर्षं जातील.

प्रश्न: गावाकडे लाईटचा भरवसा नाही. दूध संस्थेचे हिशेब उघडे ठेवून संगणक स्लीप केला आणि लाईट गेली की सगळं जातं. शिवाय लाईट आली की संगणक आपोआप सुरू होतो आणि रात्रभर चालू राहतो. काय करावं? (बारामती तालुका)

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली स्लीपची. एस-३ मध्ये सगळा ऐवज रॅममध्ये असतो, त्यामुळे वीज गेली की तो जाणारच. यावर विंडोजमध्ये ‘हायब्रिड स्लीप’ आहे. यात संगणक झोपण्याआधी रॅमची प्रत डिस्कवरही लिहून ठेवतो. लाईट टिकली तर नेहमीसारखा दोन-तीन सेकंदांत उठतो. गेली तर पुढच्या वेळी डिस्कवरून वाचून कामं होती तशी पुढे ठेवतो. वीज स्लीपइतकीच लागते. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज, त्यात ‘स्लीप’च्या खाली ‘अलाउ हायब्रिड स्लीप’ ऑन करा.

ही ओळ तिथे नसेल तर बहुधा हायबरनेट बंद केलेलं आहे. डिस्कवर जागा मोकळी करायला संगणक दुरुस्त करणारे ते सर्रास बंद करतात. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. इंग्रजीत ‘पॉवर’ आणि त्याला जोडून ‘सीएफजी’ ही तीन अक्षरं, मग एक जागा सोडून स्लॅश-एच, पुन्हा एक जागा सोडून ‘ऑन’, एवढं टाइप करून एंटर दाबा. डिस्कवर रॅमच्या साधारण ४० टक्के जागा अडेल. ८ जीबी रॅमला सव्वातीन जीबी. हिशेबाच्या कामासाठी एवढी जागा द्यायलाच हवी. आणि हायब्रिड स्लीप लावलं तरी उठण्याआधी कंट्रोल-एस दाबायची सवय सोडू नका.

दुसरी गोष्ट बायोसमधली, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधली. सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जा. ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा ‘आफ्टर पॉवर फेल्युअर’ अशा नावाची ओळ पॉवरच्या किंवा ॲडव्हान्स्डच्या पानावर असते. ती ‘पॉवर ऑन’वर ठेवली असेल तर ‘पॉवर ऑफ’वर आणा. ‘लास्ट स्टेट’ हा तिसरा पर्याय तुमच्यासाठी चांगला नाही, कारण चालू असताना लाईट गेली असेल तर तो परत यंत्र चालू करतो. यात विजेपेक्षाही मोठं नुकसान वेगळंच असतं. लाईट येते त्या क्षणी व्होल्टेज वरखाली होत असतं आणि पाठोपाठ पुन्हा जाते. तेवढ्यात सुरू होऊन विंडोज अर्धवट उघडलेलं यंत्र पुन्हा बंद पडलं, की डिस्कवरच्या फायली बिघडतात.

प्रश्न: मी वायरमन आहे. शटडाउन केलेल्या संगणकाच्या वायरीवर टाँग टेस्टर लावला तर ०.०४ अँपिअर दाखवतो. २३० ने गुणलं तर ९ वॅट होतात. तुम्ही एक-दोन वॅट म्हणता, मग खरं काय? (इचलकरंजी)

टेस्टर खोटं बोलत नाही, गुणाकार अपुरा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की व्होल्ट-अँपिअर मिळतात. वॅट मिळवायला त्यांना पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. गिझर किंवा इस्त्रीचा पॉवर फॅक्टर १ असतो, म्हणून तिथे तुमचा हिशेब बरोबर येतो. बंद संगणकात गोष्ट निराळी. एसएमपीएसच्या तोंडाशी, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, गोंगाट गाळण्यासाठी एक कपॅसिटर बसवलेला असतो. तो ०.४७ मायक्रोफॅरडचा धरला तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून ०.०३४ अँपिअर जातात. तुमचे बहुतेक ०.०४ इथेच संपले. हा करंट व्होल्टेजच्या पुढे पाव आवर्तन चालतो; एका पाव आवर्तनात घेतलेली ऊर्जा दुसऱ्यात परत करतो. घरगुती जोडणीचं बिल किलोवॅट-तासांवर होतं, त्यामुळे या करंटचे पैसे लागत नाहीत. शिवाय साधे टाँग टेस्टर ०.१ अँपिअरच्या खाली फारसे भरवशाचेही नसतात.

मग मोजायचं कसं? प्लगमध्ये लावायचे वॉटमीटर बाजारात मिळतात, पण स्वस्तातले दोन वॅटच्या खाली बरेच चुकतात. त्यापेक्षा घरचं इलेक्ट्रॉनिक मीटर चांगलं. त्याच्या तोंडावर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘३२०० इम्प’ प्रति किलोवॅट-तास असं काही छापलेलं असतं. म्हणजे ३२०० लुकलुकींना एक युनिट. यावरून वॅट काढायचं सूत्र असं: ३६ लाखांना त्या छापील आकड्याने भागा, ३२०० असेल तर ११२५ येतात, आणि ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा. नऊ सेकंदांनी एकदा लुकलुकला तर घरात १२५ वॅट चालू आहेत.

संगणकासाठी फ्रीजसकट सगळं बंद करा. इन्व्हर्टर नुसता बंद करून भागत नाही, त्याची पिन काढा, नाहीतर त्याचा चार्जर मोजणीत शिरतो. मग फक्त ९ वॅटचा एक एलईडी बल्ब लावा. हा बल्ब हवाच, कारण अगदी बारीक भार एकटा असेल तर मीटर तो मोजायला सुरुवातच करत नाही. एक लुकलुक झाली की घड्याळ चालू करा, तिला शून्य म्हणा आणि पुढच्या दहा मोजा. बल्ब खरोखर ९ वॅटचा असेल तर १२५० सेकंद, म्हणजे २० मिनिटं ५० सेकंद लागतील. आता झोपवलेला संगणक जोडून तेच पुन्हा करा. समजा ९३८ सेकंद लागले. ११,२५० भागिले ९३८ म्हणजे १२ वॅट. त्यातून बल्बचे ९ वजा केले की संगणकाचे ३ उरले. पहिल्या लुकलुकीलाच ‘एक’ म्हणून मोजलं तर दहाऐवजी नऊच अंतरं मोजली जातात आणि उत्तर सुमारे अकरा टक्क्यांनी फुगतं. ही चूक हमखास होते. आणखी एक, छतावर सोलर असेल तर हे रात्री करा. दिवसा वीज बाहेर जाते तेव्हाही मीटरचा दिवा लुकलुकतो.

प्रश्न: लॅपटॉपचं झाकण मिटून रात्री १०० टक्के बॅटरीवर ठेवतो, सकाळी दहा तासांनी ४० टक्के उरते. कधी कधी लोकलमध्ये बॅगेत हात घातला तर चटका बसावा इतका तापलेला असतो. बॅटरी खराब झाली का? (डोंबिवली)

बॅटरीवर लगेच आळ घेऊ नका. लॅपटॉपची बॅटरी साधारण ५० वॅट-तासांची असते. साठ टक्के म्हणजे ३० वॅट-तास दहा तासांत गेले, सरासरी ३ वॅट. जुन्या पद्धतीच्या स्लीपमध्ये लॅपटॉप अर्धा-एक वॅट घेतो, त्यामुळे तुमचं यंत्र धड झोपत नाही हे उघड आहे.

कारण असं की अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपांतून एस-३ स्लीप काढूनच टाकली आहे. तिच्या जागी ‘मॉडर्न स्टँडबाय’ आली. तिचं तांत्रिक नाव एस-० लो पॉवर आयडल. यात संगणक फोनसारखा वागतो: पडदा बंद, पण आत तो जागाच, फक्त प्रोसेसर खोल विश्रांतीत. मेल यावी, अपडेट उतरावेत म्हणून अधूनमधून डोळे उघडतो. सगळं जुळून आलं तर वीज एस-३ इतकीच लागते. पण एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम अडून बसला तर प्रोसेसर खोलात जाऊच शकत नाही, वापर पाच-दहा वॅटवर जातो आणि बॅगेत हवा नसल्यामुळे ती सगळी उष्णता आतच कोंडते.

खात्री करून घ्या. वर सांगितलेली ‘पॉवर सीएफजी’ची कमांड या वेळी स्लॅश-ए लावून चालवा. यादीत ‘एस-० लो पॉवर आयडल’ दिसलं तर वरचं सगळं लागू. मग स्लॅश ‘स्लीपस्टडी’ लावून चालवा (दोन्ही शब्द जोडून). ती एक अहवाल बनवून ठेवते. तो ब्राउझरमध्ये उघडला की प्रत्येक झोपेची ओळ, किती टक्के बॅटरी गेली आणि कोणी जागं ठेवलं, हे ‘टॉप ऑफेंडर्स’खाली दिसतं. तिथे बहुधा नेटवर्क कार्ड, ऑडिओ किंवा यूएसबीला लावलेलं एखादं उपकरण सापडतं. त्याचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नवा घाला. वायरलेस माउसची ती इवलीशी टिकली काढून बॅगेत ठेवली तरी कित्येकदा फरक पडतो.

पण रोज बॅग घेऊन लोकल पकडणाऱ्याने या शोधात फार वेळ घालवू नये, असं आमचं मत आहे. झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावं, असं सरळ लावून टाका: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूझ व्हॉट क्लोजिंग द लिड डझ’. उठायला दहा-वीस सेकंद जास्त लागतील, पण बॅगेत तापणार नाही आणि आठवडाभरानेही बॅटरी जवळपास तेवढीच राहील. एसएसडी झिजेल म्हणून कचरू नका. रोज ५ जीबी लिहिलं तरी वर्षाला दोन टीबीसुद्धा होत नाही आणि ५०० जीबीच्या साध्या एसएसडीलाही शंभरहून अधिक टीबी लिहिण्याची हमी असते. तोवर एक सवय लावा: आधी चार्जर काढा, मग झाकण मिटा. चार्जर जोडलेला असताना मिटलं आणि नंतर वायर ओढली, तर काही यंत्रं आपण अजून विजेवरच आहोत अशा समजुतीत राहतात.

प्रश्न: शाळेच्या संगणक कक्षात ४० संगणक आहेत. मुलं गेल्यावर सगळे शटडाउन करतो, पण मेन स्विच बंद करावा की नाही यावर शिक्षकांत एकमत नाही. एकदा मेन चालू केल्यावर एमसीबी पडला, आणि सुट्टीनंतर निम्म्या संगणकांची तारीख चुकलेली होती. (रत्नागिरी जिल्हा)

बंद करावा. शटडाउन केलेला सीपीयू आणि झोपलेला मॉनिटर मिळून २.५ वॅट धरले तर ४० जागांचे १०० वॅट होतात. शाळा वर्षात २२० दिवस, रोज सहा तास भरते असं धरलं तर उरलेले ७,४४० तास हे १०० वॅट नुसतेच वाहत राहतात. वर्षाला ७४४ युनिट, साडेसात हजार रुपयांच्या आसपास. घरी जो प्रश्न महिन्याला १६ रुपयांचा होता तो चाळीस यंत्रांत असा वाढतो.

दुसरं कारण पैशाचं नाही. एसएमपीएसमधला तो स्टँडबाय भाग कधीच विश्रांती घेत नाही. उकाड्याच्या बंद खोलीत त्यातले छोटे कपॅसिटर वाळतात आणि एक दिवस संगणक सुरूच होत नाही. पंखा किंचित हलतो आणि थांबतो, किंवा मदरबोर्डचा दिवा मिणमिणतो. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा लाइनवरचा झटका चालू स्विचमधूनच आत शिरतो. मे महिन्याच्या सुट्टीत तर मेन बंद करून नेटवर्कच्या स्विचची पिनही काढून ठेवा.

एमसीबी पडतो त्याचं कारण ‘पहिला घोट’. प्रत्येक एसएमपीएसमध्ये मोठा कपॅसिटर असतो. रिकामा असताना वीज मिळाली की तो क्षणभर कित्येक अँपिअर ओढतो, काही एसएमपीएसमध्ये ३०-४० सुद्धा. चाळीसांनी एकदम ओढलं तर एमसीबीला ते शॉर्ट सर्किटच वाटतं. म्हणून ओळीगणिक वेगळा एमसीबी ठेवा, एका ओळीत आठ ते दहा यंत्रं, आणि एक ओळ चालू केल्यावर पाच सेकंद थांबून पुढची. एमसीबी ‘बी’ प्रकारचा असेल तर वायरमनकडून ‘सी’ प्रकारचा बसवून घ्या, पण अँपिअर तेच ठेवा. बी प्रकार आपल्या क्षमतेच्या तीन ते पाच पट करंटला तत्काळ पडतो, सी पाच ते दहा पटीला. पडू नये म्हणून जास्त अँपिअरचा एमसीबी घालायचा मोह टाळा; वायर तेवढ्या जाडीची नसेल तर ती भिंतीत तापत राहील.

आता तारखेचं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी, पण त्याहून जाड अशी सीआर-२०३२ बॅटरी असते. मेन चालू असताना घड्याळ त्या स्टँडबाय पुरवठ्यावर चालतं, मेन बंद केला की या बॅटरीवर. तिची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास आणि घड्याळाला लागतात काही मायक्रोअँपिअर, त्यामुळे नवी बॅटरी बंद यंत्रातही काही वर्षं टिकते. तुमच्या बॅटऱ्या मुळातच संपत आलेल्या होत्या. मेन चालू असल्यामुळे ते झाकून राहिलं होतं. मीटर असेल तर व्होल्टेज पाहा: नवीला ३ व्होल्ट किंवा थोडं जास्त, २.७ च्या खाली आलेली बदला. अधिकची बाजू वर ठेवून बसवायची, आणि बसवताना मेन बंद. तारीख चुकली की ब्राउझर ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून साइट उघडत नाही आणि शाळेत त्याचं खापर इंटरनेटवर फुटतं, हेही लक्षात असू द्या.

मेन पाडण्याआधी सगळे संगणक खरोखर शटडाउन झालेत का, हे बघायची जबाबदारी एकाच माणसावर द्या. विंडोज अपडेट चालू असताना मेन गेला तर ते यंत्र दुसऱ्या दिवशी हमखास रडतं.

प्रश्न: बायोसमध्ये ‘ईआरपी’ नावाची ओळ दिसते. ती चालू केली तर वीज वाचते म्हणतात. काही तोटा? (ठाणे)

ही अक्षरं (‘एनर्जी-रिलेटेड प्रॉडक्ट्स’) युरोपातून आली. वापरात नसलेल्या उपकरणाने एका वॅटपेक्षा जास्त घेऊ नये, ही कल्पना आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये उचलून धरली. पुढे २००८ च्या युरोपीय नियमाने घरगुती आणि कार्यालयीन उपकरणांना बंद अवस्थेत २०१० पासून १ वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट अशी मर्यादा घातली. मदरबोर्ड सगळ्या जगासाठी एकच बनतो, म्हणून ती ओळ ठाण्यातही दिसते.

चालू केली की शटडाउननंतर यूएसबी, नेटवर्क आणि बोर्डावरच्या रंगीत दिव्यांची वीज तुटते, दीड-दोन वॅटचा अर्धा वॅट होतो. त्या बदल्यात बंद संगणकाच्या यूएसबीवर फोन चार्ज होणार नाही, कीबोर्डचं बटण दाबून यंत्र सुरू होणार नाही आणि नेटवर्कवरून दुरून सुरू करता येणार नाही. यातलं काही लागत नसेल तर बेलाशक चालू करा. रात्री बंद संगणकाचा माउस चमकत राहतो अशी तक्रार असणाऱ्यांनाही हाच उपाय.

प्रश्न: स्लीप केलेला संगणक मध्यरात्री आपोआप जागा होतो. उलट कधी कधी तासभर वाट पाहूनही झोपत नाही. (नाशिक)

जागा झाला की सकाळी तीच ‘पॉवर सीएफजी’ कमांड स्लॅश ‘लास्टवेक’ लावून चालवा. कोणी उठवलं ते नाव येतं. माउस असेल तर टेबलाला धक्का लागला किंवा शेजारून ट्रक गेला तरी पुरतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसवर दोनदा क्लिक करून ‘पॉवर मॅनेजमेंट’खालची ‘अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर’ ही खूण काढा, कीबोर्डची राहू द्या. ठरलेल्या वेळी उठत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये ‘अलाउ वेक टायमर्स’ बंद करा.

झोपत नसेल तर स्लॅश ‘रिक्वेस्ट्स’. ही कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच चालवावी लागते. ब्राउझरच्या एखाद्या टॅबमध्ये चालू राहिलेलं गाणं किंवा व्हिडिओ हे बहुतेक वेळा कारण असतं.

स्क्रीनसेव्हरबद्दलही याच पत्रात विचारलं आहे. तो वीज वाचवत नाही. पडदा उजळलेलाच राहतो आणि हलती चित्रं काढायला प्रोसेसरही राबतो. जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र उमटून राहू नये म्हणून तो होता. काढून टाका.

प्रश्न: संगणक रोज नीट शटडाउन करतो, तरी तो बंद असतानाही त्या टेबलाचा वापर वॉटमीटरवर २५ वॅट येतो. संगणकात दोष आहे का? (नागपूर)

संगणकात नाही, त्याच्या शेजाऱ्यांत शोधा. टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरवर आणि बॅटरी भरलेली ठेवण्यावर चोवीस तास ५ ते १५ वॅट घालवतो. बॅटरी जुनी झाली की आणखी, कारण ती कधीच पुरती भरत नाही. यूपीएसच्या वरच्या भागावर हात ठेवून पाहा, कोमट लागतो तो हाच खर्च. वूफरवाल्या स्पीकरमध्ये बटण पुष्कळदा ट्रान्सफॉर्मरच्या नंतर असतं, त्यामुळे दिवा विझला तरी ट्रान्सफॉर्मर काही वॅट ओढत राहतो. राउटर आणि फायबरचा डबा मिळून १० ते २० वॅट. झोपलेला प्रिंटर एक-दोन वॅट.

वॉटमीटर त्या एक्स्टेन्शन बोर्डालाच असू द्या आणि एकेक पिन काढत प्रत्येक वेळी आकडा किती उतरतो ते लिहून घ्या. दहा मिनिटांत उलगडा होईल. मग राउटर वेगळ्या सॉकेटवर न्या आणि सीपीयू, मॉनिटर, स्पीकर, प्रिंटर एका बटणाच्या बोर्डावर ठेवा, म्हणजे शटडाउननंतर एक बटण पुरेल. इंकजेट प्रिंटर मात्र आधी त्याच्याच बटणाने बंद करा, तरच तो शाईचं डोकं टोपीखाली नेऊन ठेवतो. यूपीएस रात्रीपुरता भिंतीवरून बंद केला तर चालतं, पण महिनोन्महिने बंद ठेवू नका. आतली शिसे-आम्लाची बॅटरी पडून राहिली तर खराब होते. सुट्टीवर जाण्याआधी ती पूर्ण भरून, यूपीएसचं पुढचं बटण बंद करून मगच पिन काढा. नुसती पिन काढली तर यूपीएस लाईट गेली असं समजून टीं-टीं करत बॅटरी रिकामी करून ठेवेल.